भंगारातला ब्लोअर आणि जिप्सीचं इंजिन: कमी पैशात सुपरचार्जर बसवताना

मर्सिडीजच्या भंगारातून निघालेला ब्लोअर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, म्हणजेच सुपरचार्जर) पोत्यात गुंडाळून घरी आणला, त्या रात्री मला वाटलं निम्मं काम झालं. पुढचे आठ महिने तो कपाटावर धूळ खात पडला होता आणि मी इंजेक्टर, सेन्सर, पुलीची मापं यांच्या मागे फिरत होतो. ब्लोअर ही या सगळ्या कामातली सर्वांत सोपी खरेदी आहे. म्हणून तो सर्वांत शेवटी घ्यावा, असं माझं आता मत झालंय. हा लेखही त्याच क्रमाने लिहिलाय: आधी इंजिन, मग पेट्रोल आणि स्पार्क, मग ब्लोअर, आणि बूस्ट, म्हणजे ब्लोअरने दिलेला जादा दाब, सगळ्यांत शेवटी.

उदाहरणाला मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन घेतलंय. बॉनेटखाली हात घालायला जागा, इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि कंपनीने दिलेली ताकद फक्त ८० बीएचपी, त्यामुळे केलेला फरक लगेच कळतो. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदला, हिशोबाची रीत तीच.

रस्त्यावर नाही

हे आधी वाचा, कारण नंतर कुणी वाचत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकात नोंदलेला आणि कंपनीने ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा बॉनेट उघडते. त्यामुळे ही गाडी ऑफ-रोडच्या मैदानासाठी किंवा बंद ट्रॅकसाठी, ट्रेलरवर न्यायची. स्पर्धेत उतरायचं असेल तर त्या गटाच्या नियमात सुपरचार्जर बसतो का, ते पहिला बोल्ट खोलण्याआधी विचारा.

ऑनलाइन मिळणारा पंखा घेऊ नका

दोन-तीन हजारांत मिळणारा 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' म्हणजे प्लास्टिकच्या नळीतला पंखा. आपल्या इंजिनाला ६००० आरपीएमला कामापुरता दाब द्यायचा, तर ब्लोअर फिरवायला साधारण साडेपाच किलोवॉट लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून एवढं ओढायचं म्हणजे साडेचारशे अँपिअर. तो पंखा ज्या वायरवर चालतो तिची जाडी बघा, बाकी काही सांगायला नको. असा पंखा उलट हवेच्या वाटेत अडथळा होऊन बसतो.

आपण ज्याला ब्लोअर म्हणतोय तो रूट्स पद्धतीचा. रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० साली अमेरिकेत, इंडियाना राज्यात त्याचं पेटंट घेतलं, आणि तो आधी भट्टीला हवा मारायच्या कामी आला. गाडीवर तो फार नंतर चढला. कोल्हापुरात ओतकामाच्या भट्ट्या बघत वाढलेल्या माणसाला हे ऐकून उगाच बरं वाटतं. दोन पिळदार रोटर एकमेकांना न चिकटता फिरतात आणि हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलतात. तो स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही. पुढे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत), इंजिन ओढू शकेल त्यापेक्षा जास्त हवा साचते, म्हणून दाब तयार होतो. ही गोष्ट डोक्यात बसली की पुढचा हिशोब सोपा जातो.

हिशोब

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा ओढतं. म्हणजे आपलं इंजिन एका फेरीत १२९८ च्या निम्मी, ६४९ सीसी.

ईटन कंपनीच्या एम४५ ब्लोअरच्या नावातला आकडा म्हणजे एका फेरीत ४५ घन इंच, म्हणजे साधारण ७३७ सीसी. २००२ ते २००६ च्या मिनी कूपर एसच्या १.६ लिटर इंजिनावर हाच होता. मिनी तेव्हा आपल्याकडे अधिकृतपणे विकली जात नव्हती, पण मर्सिडीजच्या 'कॉम्प्रेसर' बिल्ल्याच्या गाड्या विकल्या गेल्या, आणि त्यांच्या १.८ लिटर इंजिनावरही ईटनचे लहान ब्लोअर सापडतात. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट इथे फिरलात तर गाठ पडते. हाती आलेला नग नेमका कोणता, ते त्याच्या ओतीव अंगावरच्या आकड्यावरून पक्कं करा. १११ मालिकेच्या जुन्या इंजिनांवरचा एम६२ आपल्या इंजिनाला फार मोठा पडेल.

आता ७३७ भागिले ६४९, म्हणजे १.१३६. क्रँकची आणि ब्लोअरची पुली सारख्याच मापाची ठेवली, आणि दोन्हीकडची गळती सारखी धरली, तर इंजिनाला साडेतेरा टक्के जास्त हवा मिळेल. ब्लोअरची पुली लहान केली, समजा क्रँकला १२० मिमी आणि ब्लोअरला १०० मिमी, तर ब्लोअर १.२ पट वेगाने फिरेल आणि हवा ३६ टक्के जास्त होईल. इंजिन ६००० वर असताना ब्लोअर ७२०० वर. मिनीवर हाच ब्लोअर जवळपास दुप्पट वेगाने फिरवतात, तेव्हा त्याच्या जिवाची काळजी नको.

नवीन माणूस इथे एका गोष्टीत हमखास फसतो. तो बूस्ट गेजच्या काट्याकडे बघतो. काटा दाब दाखवतो, हवा किती गेली ते दाखवत नाही. रूट्स ब्लोअर हवा भरपूर तापवतो, आणि गरम हवा तेवढ्याच जागेत जास्त दाब दाखवते. चाळीस अंशाच्या उन्हाळ्यात १.२ च्या पुलीवर इंटरकूलर (ब्लोअरमधून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) नसेल तर कागदावर पाऊण बारच्या आसपास दाब आणि १३० अंशांच्या वर गेलेली हवा, असं चित्र येतं. त्याच पुलीवर चांगला इंटरकूलर लावून हवा साठ अंशांपर्यंत उतरवली, तर दाब ०.४५ बारवर येतो. हवा मात्र तेवढीच जाते. मित्र येऊन म्हणतात, 'इंटरकूलर लावल्यावर बूस्ट पडला रे तुझा.' पडला नाही, खोटा भाग गेला.

म्हणून दोनच पर्याय ठेवा. इंटरकूलरशिवाय सारख्या मापाच्या पुल्या, दाब साधारण ०.३ बार. किंवा इंटरकूलरसह १.२. पहिल्या पर्यायात ब्लोअर फिरवायची ताकद वजा जाता सात-आठ बीएचपीच हाती लागतात. हे ऐकून बरेच जण नाराज होतात. पण खडकावर दुसऱ्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या खाली जिप्सी जिथे मान टाकते, तिथे हा फरक पायाला कळतो. दुसऱ्या पर्यायात कागदावर शंभर बीएचपीच्या आसपास जाता येतं. इंजिनाच्या आतल्या भागांना हात न लावता माझ्या मते तिथे थांबावं.

पैसे कुठे घालायचे

एकूण बजेटचे तीन वाटे करा. एक वाटा ब्लोअर, ब्रॅकेट, पुली, बेल्ट आणि पाइप. एक वाटा ईसीयू (पेट्रोल आणि स्पार्क ठरवणारा इंजिनाचा संगणक), सेन्सर, इंजेक्टर, पेट्रोल पंप. तिसरा वाटा बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका; तो इंजिनाच्या दुरुस्तीला आणि चुकांना जाणार आहे. ज्यांनी हा तिसरा वाटा ठेवला नाही, त्यांच्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत.

भंगारातून बिनधास्त घ्या: ब्लोअर, इंटरकूलर (स्कॉर्पिओसारख्या डिझेल टर्बो गाडीचा), स्प्रिंगवाला बेल्ट टेन्शनर, ॲल्युमिनियमचे पाइप. नवीनच घ्या: बेल्ट, पेट्रोलचे होज आणि क्लिपा, वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा), गॅस्केट, आणि ज्याच्यावर सगळं टांगलंय ते बोल्ट.

इंजिनाची तपासणी

इंजिन गरम करा. चारही प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरचे प्लग सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि कॉम्प्रेशन गेजने एकेक सिलिंडर मोजा. आकडा किती आला यापेक्षा चारांत फरक किती आला ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर तिथेच थांबा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वर गेला तर रिंगा गेल्यात, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. थकलेल्या इंजिनावर ब्लोअर चढवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरच्या कामाला जुंपणं.

रेडिएटर साफ करून घ्या, थर्मोस्टॅट कुणा मिस्त्रीने काढून टाकलेला असेल तर परत बसवा. क्लच घसरत असेल तर आत्ताच बदला. ब्रेकही आत्ताच बघा.

पेट्रोल आणि स्पार्क

इंजिन मरतं ते या भागात, म्हणून इथे घाई नको.

जास्त हवा आली की जास्त पेट्रोल हवं, आणि दाबाखाली मिश्रण नेहमीपेक्षा जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, हवं. मिश्रण पातळ झालं किंवा स्पार्क लवकर पडला, तर सिलिंडरमधलं मिश्रण ज्योत पोहोचायच्या आधीच फुटतं. तेच नॉकिंग. बाहेर कानाला ते डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. आत ते पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या फोडत असतं. पूर्ण लोडवर काही सेकंद पुरतात.

कंपनीचा ईसीयू मॅनिफोल्डचा दाब वातावरणाच्या दाबापर्यंतच समजतो. त्याच्या पुढे तो आंधळा. पेट्रोलचा दाब वाढवून किंवा जास्तीचा इंजेक्टर लावून त्याला फसवायचे जुने जुगाड आहेत, पण स्पार्क मागे घ्यायची सोय त्यात नसते. माझं सांगणं स्वतंत्र ईसीयूच लावा. स्पीडुइनो हा आर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा खुला प्रकल्प आहे, सर्वांत स्वस्त तोच. मेगास्क्विर्ट जुना आणि भरवशाचा. दोन्ही ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून लॅपटॉपवर सेट होतात. मॅनिफोल्डचा दाब अडीच बारपर्यंत मोजणारा मॅप सेन्सर, इनटेकच्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर (इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डजवळ) आणि बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड सेन्सर, एवढं लागतंच. तुमच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर आहे की कॉइल पॅक, त्यावर इग्निशनचं वायरिंग ठरेल.

आणि हा सगळा बदल ब्लोअर न बसवता करा. मूळ इंजिन नव्या ईसीयूवर सकाळी थंडीत एका चावीत सुरू झालं पाहिजे, आयडलिंग स्थिर हवं, महिनाभर कुरकुर नको. मग पुढे. ब्लोअर आणि ईसीयू एकाच आठवड्यात बसवला तर गाडी बंद पडल्यावर दोष कुणाचा, हे शोधण्यात पावसाळा जातो.

इंजेक्टरचं माप काढू. एका बीएचपीला दाबाच्या इंजिनात मिनिटाला साधारण ६ सीसी पेट्रोल धरा. ब्लोअरने खाल्लेली ताकदही इंजिनच तयार करतं, म्हणून १०८ बीएचपी धरू: ६४८ सीसी. चार इंजेक्टर, प्रत्येकी १६२. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून २०३. आणि आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आहे. इथेनॉलमुळे पेट्रोल सुमारे आठ टक्के जास्त लागतं. आकडा २२० च्या थोडा खाली येतो, तेव्हा २४० सीसीचे घ्या. भंगारातले घेतलेत तर चारही बेंचवर साफ करून, सारखे फवारतात का ते तपासून घ्या. एक इंजेक्टर तुंबलेला असेल तर वाइडबँड चारांची सरासरी दाखवत राहतो आणि एक पिस्टन गुपचूप जळतो.

ई२० बद्दल दोन गोष्टी. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन गुणोत्तर १४.७, ई२० चं साधारण १३.५. त्यामुळे गुणोत्तराच्या आकड्यात गोंधळ होतो; लॅम्डा (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले त्या इंधनाचं बरोबर गुणोत्तर) बघायची सवय लावा, म्हणजे इंधन कुठलंही असो, १ म्हणजे बरोब्बर. दुसरं, जिप्सीचे जुने रबरी होज इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते सगळे काढून टाका. इथेनॉलचा एक फायदाही आहे, ते नॉकिंगला चांगलं सोसतं. पहिल्या ट्यूनिंगला टाकीत एक्सपी१०० सारखं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर चुकायला थोडी जागा मिळते. पण रोज जे भरणार त्यावरच शेवटचं ट्यूनिंग करा.

प्लग एक पायरी थंड घ्या. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये उलटं. दुकानदार इथे हमखास चुकतो. फट ०.७ ते ०.८ मिमी.

ब्लोअर पारखून घेणं

पुली हाताने फिरवा. रोटर सुरळीत, कुठेही न घासता फिरले पाहिजेत. तोंडातून टॉर्च मारून रोटरवरचा थर बघा. लांब ओरखडे असतील तर तो कधीतरी धूळ किंवा वायसर गिळून बसलाय. पुली पकडून आडवी हलवा, झोल नको. मागेपुढे झटका देऊन खडखड ऐका: नाकातल्या शाफ्टवर एक कपलिंग असतं, ते झिजलं की आयडलिंगला डब्यासारखा आवाज येतो. तेवढं बदलता येतं. गिअरकडचं बेअरिंग गेलं असेल तर तो नग सोडा, ते काम प्रेस आणि अचूक मापांशिवाय होत नाही.

नाकातलं ऑइल काढून बघा. काळं आणि घाण वासाचं निघेल, त्याने घाबरू नका. सुपरचार्जरसाठीचं वेगळं सिंथेटिक ऑइल मिळतं, तेच भरा. इंजिन ऑइल तिथे चालत नाही.

मिनीचा नग मिळाला तर त्याच्या मागच्या टोकाला वॉटर पंप फिरवायची सोय असते, ते तोंड झाकण बनवून बंद करावं लागतं. मर्सिडीजच्या नगावर बायपासची झडप मोटरवर चालते; ती आपल्याला निरुपयोगी, आपण व्हॅक्यूमवर चालणारी झडप वेगळी लावणार.

ब्रॅकेट, पुली, बेल्ट

आधी पुठ्ठा. बॉनेट उघडून ब्लोअर धरायला एक मित्र बोलवा आणि जागा ठरवा. जिप्सीत इनटेकच्या बाजूला जागा काढता येते. बॉनेट बंद करून तिथे ओल्या मातीचे गोळे ठेवून अंतर मोजायची युक्ती मूर्तिकारांच्या गल्लीतली आहे, पण लाकडी ठोकळ्यापेक्षा खरी मापं देते.

ब्रॅकेट १० ते १२ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीचा करा. ब्लोअर, टेन्शनर सगळं इंजिनावरच टांगा, बॉडीवर एकही टेकू नको. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि बॉडी हलत नाही, मधला भाग तुटतो. किमान तीन टेकू, आणि त्यातला एक बेल्टच्या ओढीच्या उलट दिशेला. माझ्या पहिल्या ब्रॅकेटला दोनच टेकू होते. दिसायला देखणा होता, तिसऱ्या दिवशी वेल्डच्या कडेने तडकला. ब्लॉकमधल्या ॲल्युमिनियमच्या भोकात बोल्ट घालताना निदान दीडपट व्यासाएवढे आटे पकडले पाहिजेत. आटे गेले तर इन्सर्ट बसवा, टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका.

पुली लेथवर करून घ्या. आमच्याकडे उद्यमनगरात टर्नरला सहा रिब्यांची पीके पुली म्हटलं की पुरतं; नसेल माहीत तर सांगा, रिबीपासून रिबीचं अंतर ३.५६ मिमी. लोखंडापेक्षा ॲल्युमिनियमची करा, वजन कमी. क्रँकची जादा पुली मूळ पुलीच्या मध्याशी तंतोतंत बसली पाहिजे; डायल लावून मोजायला सांगा, डोळ्याने नाही.

बेल्टची वाट सुतळीने आखा. सगळ्या पुल्यांवरून सुतळी फिरवा, खूण करा, मोजा, आणि त्या लांबीचा ६पीके बेल्ट मागा. ६पीके१२३० म्हणजे सहा रिब्या, १२३० मिमी लांबी. ब्लोअरच्या पुलीला बेल्टने निदान एक तृतीयांश वेढा घातला पाहिजे, अर्धा घातला तर उत्तम. टेन्शनर नेहमी सैल बाजूला, म्हणजे क्रँककडून ब्लोअरकडे बेल्ट परततो त्या बाजूला. शेवटी सरळ पट्टी पुल्यांच्या तोंडाला लावून बघा, एक मिमीपेक्षा जास्त फरक नको. बेल्ट चिरकतोय, काळी भुकटी पडतेय, तर ताण वाढवू नका, ओळंबा चुकलाय.

फिरत्या बेल्टभोवती जाळी किंवा पत्रा लावा. हातातलं कडं, गळ्यातली साखळी, लांब बाह्या हे सगळं गॅरेजच्या बाहेर ठेवून या.

पाइप, थ्रॉटल, बायपास

थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी ठेवा. क्रम असा: एअर फिल्टर, थ्रॉटल, ब्लोअर, इंटरकूलर, मॅनिफोल्ड. बायपास झडप ब्लोअरच्या पुढच्या आणि मागच्या तोंडांना जोडते. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असताना ती उघडी राहते आणि हवा नुसती गोल फिरते. त्यामुळे आयडलिंगला आणि सरळ चालवताना ब्लोअर तापत नाही, पेट्रोलही वाया जात नाही. झडपेचा व्हॅक्यूम पाइप थ्रॉटलनंतरच्या जागेवरून घ्या.

हे झाल्यावर मॅनिफोल्डला जोडलेली प्रत्येक बारीक नळी शोधा, कारण आता तिथे कधी व्हॅक्यूम तर कधी दाब असणार. ब्रेक बूस्टरच्या नळीत दाब अडवणारा वन-वे व्हॉल्व्ह हवाच. पेट्रोल टाकीच्या वाफेच्या नळीलाही हवा. आणि पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी नळी. ही मी विसरलो होतो. पहिल्याच चढावर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरला, डिपस्टिक उडाली, आणि ऑइलने बॉनेटची आतली बाजू, बॅटरी आणि माझा एक शर्ट असं सगळं रंगवलं. आधी धूर बघून इंजिन गेलं असंच वाटलं होतं. तेव्हा मॅनिफोल्डच्या बाजूला वन-वे व्हॉल्व्ह, आणि टॅपेट कव्हरची दुसरी नळी कॅच कॅनमधून (ऑइल अडवणाऱ्या डब्यातून) फिल्टरच्या बाजूला.

पाइपांच्या टोकाला उभारलेली कड नसेल तर सिलिकॉन होज निसटतो. वेल्डरकडून टोकाला बारीक मणी टाकून घ्या. सगळं जोडून झालं की थ्रॉटलचं तोंड जुन्या डब्याच्या झाकणाने बंद करा, त्याला सायकलचा व्हॉल्व्ह बसवा, पंपाने ०.३ बार भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावत फिरा. फुगे दिसले तिथे गळती. संध्याकाळभराचं काम, पण नंतर ट्यूनिंगला बसल्यावर कळतं किती वाचलं.

पहिल्यांदा सुरू करताना

आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा, दाराशी. पेट्रोल लाइनला दाब देऊन गळती बघा, मगच स्टार्टर मारा.

पहिला आठवडा बेल्ट लावून पण अर्ध्या थ्रॉटलच्या आत. बूस्ट येऊच द्यायचा नाही. मग दोन हजारांवर हळूहळू लोड, लॅपटॉपवर नोंद, थांबा, बघा. मग अडीच, मग तीन हजार. लॅपटॉप बघणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा, हे एकट्याचं काम नाही. चेसिस डायनो (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) भाड्याने मिळत असेल तर इथे पैसे वाचवू नका.

दाबाखाली लॅम्डा ०.८० ते ०.८२ ठेवा. स्पार्क सुरुवातीला दर एक पीएसआय (साधारण ०.०७ बार) बूस्टला एक अंश मागे घ्या, म्हणजे ०.४५ बारला साडेसहा अंश. हा शेवटचा आकडा नाही, सुरक्षित सुरुवात आहे. हवेचं तापमान साठच्या वर गेलं की आणखी मागे घेण्याचा तक्ता ईसीयूत भरून ठेवा. मे महिन्यात तोच इंजिन वाचवतो.

नॉकिंग ऐकायला महागडं यंत्र लागत नाही. तांब्याची नळी चपटी करून तिला भोक पाडा, ब्लॉकला बोल्टने आवळा, दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी आणि ती कान झाकणाऱ्या हेडफोनच्या कवचात. ब्लॉकमधला प्रत्येक आवाज कानात येतो. आधी ब्लोअरशिवाय इंजिन कसं वाजतं ते ऐकून कान तयार करा, मग वेगळा आवाज लगेच ओळखता येईल. तो आला की पाय काढा. खात्री करून घ्यायला पुन्हा दाबू नका.

पूर्ण थ्रॉटलवरची पहिली धाव संपली की इंजिन तिथल्या तिथे बंद करा, गिअर काढून गाडी थांबू द्या, आणि चारही प्लग काढून बघा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके, किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले तर नॉकिंग झालंय, कानाला ऐकू आलं नसलं तरी. चार प्लगांत एकच वेगळा दिसला तर आधी त्याचा इंजेक्टर बघा.

पाचशे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, दोन-तीन तरी सैल निघतील. बेल्टच्या रिब्या बोटाने चाचपा, कॅच कॅन रिकामा करा आणि ब्लोअरच्या नाकाखाली ऑइलचा ओघळ आहे का ते बघा. आणि कॉम्प्रेशन पुन्हा एकदा मोजून सुरुवातीच्या चार आकड्यांशेजारी वहीत लिहा.